मनकर्णामामीचं हँडल

मोर्शीले बसस्टँडच्या मांगं माहं गॅरेज हाये. पाटी नाही, पण सहदेवचं गॅरेज म्हटलं का कोणीबी आणून सोडते. तीस वर्सं झाली, हातात पान्हा हाये अन् नाकावर राग. दोन्ही बापाकडून आले. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ह्या गोष्टीत मी एका ठिकाणी लय तणतणलो हाये, अन् चूक माहीच होती.

नोव्हेंबरात एका सकाळी वामनमामा टेम्पो घेऊन दारात उभे. वामनराव माह्या मायच्या गावचे, म्हणून मामा. बत्तीस वर्सं एस.टी. चालवली त्याईनं, मोर्शी-अमरावती-अकोला. रिटायर होऊन सात वर्सं झाली, पण अजूनबी बोलणं असं का जसे मांगं पन्नास पॅसेंजर बसले हायेत.

"सहदेव, उतरव खाली," म्हणे.

टेम्पोत पाह्यलं त चार फुगीर चाकांची फटफटी. एटीव्ही म्हणतात तिले. चिखलदऱ्याच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधली, शहरातले पोट्टे चिखलात फिरवतात तसली. तीन पावसाळे उघड्यावर काढले होते तिनं. सीट उंदरांनी खाल्लेली, चेन गंजून एकजीव झालेली, एक टायर जमिनीले टेकलेलं, अन् कार्बोरेटरात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. माह्या अंगणात आधीच दोन ट्रॅक्टर खोलून पडले होते. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!

"मामा, हे भंगार हाये," मी म्हटलं.

"माहीत हाये मले. तुह्या मामीसाठी पाह्यजे."

मी लगेच टेम्पोवाल्याले म्हटलं, धर तिकडून.

मामा जलमभर एस.टी.वर, म्हणून शेत पाह्यलं मनकर्णामामीनं. गावापासून दीड किलोमीटर, पांदणीच्या रस्त्यानं तिची संत्र्याची बाग. साडेतीनशे झाडं. कलमं तिनं आणली, खड्डे तिनं उभं राहून खोदून घेतले, अन् चौदा वर्सं एकेक झाड लेकरासारखं पोसलं. आता संत्र्याचं असं हाये का आंबिया बहार, म्हणजे थंडीच्या शेवटचा फुलोरा, घ्यायचा असन त डिसेंबरात पाणी तोडा लागते. झाड तहानलं पाह्यजे. त्याले ताण देणं म्हणतात. पान मलूल होते, रंग उतरते, अन् मंग जानेवारीत बरोबर दिवशी पाणी सोडलं का झाड फुलाले येते. लवकर सोडलं त फुलं नाही, नुसती हिरवी नवती, कोवळी पालवीच, फुटते. उशिरा सोडलं त झाडच बसते.

तो बरोबर दिवस कोणता, हे मामीले कळे. झाकटीतच, उजाडाच्या आधी, वावरात जाये अन् पान हातात धरे. दुपारी मान टाकलेलं पान रातभरात पुन्हा उभारलं असन, त ताण पुरा नाही. सकाळीबी मलूलच असन, त पुरा. तेबी वरच्या अंगाले येगळं अन् नाल्याकडच्या अंगाले येगळं, म्हणून साऱ्या बागेतून फिरा लागे. आजूबाजूचे बागाईतदार तिले येऊन इचारत, "मनकर्णाबाई, सोडू का पाणी?"

मांगच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मामी गोठ्यात घसरली अन् डाव्या खुब्याचं हाड मोडलं. अमरावतीले ऑपरेशन, आत सळई, दोन महिन्यानं पुन्हा ऑपरेशन. सारा जानेवारी दवाखान्यात गेला. इकडं तिच्या पोरानं, गोपालनं, झाडं सुकून राहिली म्हणून घाबरून आधीच पाणी सोडलं. साऱ्या बागेत हिरवीगार नवती फुटली, फूल औषधाले नाही.

यंदा मामी वॉकर धरून अंगणापर्यंत येत होती. पांदणीनं जीप जात नाही, ट्रॅक्टरवर तिले चढवत नाही, अन् बैलबंडीत त्या सळईले असे हिसके बसत का ती ओठ चावून बसे. गोपाल म्हणे, बाजेवर निजवून चौघंजण नेतो. मामी म्हणे, "चौघाईच्या खांद्यावर जायचं तवा जाईन. मी जित्ती हाओ अजून."

अन् गोपालनं सांगून टाकलं होतं: पंधरा जानेवारीले पाणी सोडतो, अन् याबी वर्षी नवतीच आली त जेसीबी बलावून झाडं काढतो, सोयाबीन पेरतो. पोट्टा वाईट नाही, मरमर राबते. पण बिनफळाची बाग अजून एक वर्स पोसायची त्याची हिंमत नव्हती. म्हणजे पंधराच्या आत मामी बागेत पोचली पाह्यजे होती, नाहीतर चौदा वर्साची बाग गेली. एवढी गोष्ट होती, बस.

मी कामाले लागलो. पिस्टन जाम होता. सिलिंडरात डिझेल भरून चार दिवस ठेवलं, रोज सकाळी थोडं थोडं हलवलं, पाचव्या दिवशी सुटला. अकोल्याच्या भंगार बाजारात दोन खेपा केल्या. तिथी चेन मिळाली अन् एका जुन्या मोटारसायकलचं कार्बोरेटर मिळालं, थोडं कानशीनं घासून बसवलं. मांगच्या अॅक्सलचे बुश, ज्यात अॅक्सल फिरते त्या कड्या, झिजून गेले होते. बडनेऱ्याले किशोर म्हणून रेल्वेतून रिटायर झालेला लेथवाला हाये, त्यानं नवे कातून देल्ले. "सहदेव, हे रेल्वेच्या मापानं केलं," म्हणे, "गाडी मोडन, बुश नाही मोडणार." मामानं रंग एस.टी.चा लालच मारून घेतला. म्हटलं, मारा बाप्पा.

नाताळच्या दिवशी इंजिन लागलं. आधी खोकलं, मंग काळा धूर टाकला, अन् मंग असं एका सुरात चाललं का मी अन् मामा तोंडाकडं पाहून हसत बसलो. मेलेली गाडी बोलली का मले अजूनबी अंगावर काटा येते. खोटं कायले सांगू.

मंग माह्या अंगात कलाकार आला. मामा चालवणार, मामी मांगं बसणार. मामाच्या पायाचं माप घेतलं, हाताचं घेतलं, हँडल दोन इंच वर केलं. मांगं मामीसाठी आडवी सीट बनवली, एका बाजूनं पाय सोडून बसायची. टेकायले पाठ, धराले दांडी, पाय ठेवाले लांब पायरी. अन् चाकावर साडी गार्ड वेल्डिंग केलं, जाळीत फूल काढून. फुलावर अर्धा दिवस गेला. मामीचं माप? बाईमाणसाले मांगं बसाले किती जागा लागते, हे काय मले माहीत नाही?

पाच जानेवारीले गाडी मामीच्या दारात नेली. ती ओट्यावर बसून होती. मामानं मोठ्या थाटात फडकं ओढलं. मामीनं पाह्यलं, वॉकर धरून उठली, गाडीभोवती एक चक्कर मारली, अन् साडी गार्डवर काठीनं मारल्यासारखी बोटं मारली.

"हे कायचं जाळं?"

"साडी गार्ड हाये मामी. पदर चाकात जाऊ नये म्हणून."

"अरे, मी लुगडं नेसते, कासोट्याचं. जलमभर चिखलात रोवणी-निंदणी केली, माहा पदर कशात अडकला नाही." मंग आडवी सीट पाह्यली. "अन् मी इथी बसू?"

"हो."

"समोर कोण?"

"मामा."

"मंग मले काय दिसन? एका अंगाले धुऱ्याचा बांध, अन् दुसऱ्या अंगाले तुह्या मामाची पाठ. ती त चाळीस वर्सं पाह्यली मी." मामी हसली नाही. "हँडल मले पाह्यजे."

मामा उडालेच. "अवं, तू चालवशीन? बत्तीस वर्सं एस.टी. चालवली मी, एक अॅक्सिडेंट नाही!"

"अन् बत्तीस वर्सं मी काय चालवलं? बैल चालवले. बैलाले त ब्रेकबी नसते. अन् ज्याले पान पाह्यचं त्याच्याच हातात थांबणं पाह्यजे. मी म्हणन थांबा, अन् तुमी म्हणसान पुढचा स्टॉप."

गोपाल खुदकन हसला. माहं डोकं सणकलं. दीड महिना हात काळे केले, फूल काढलं जाळीत, अन् हे बक्षीस! मी म्हटलं, "मामी, गिअर डाव्या पायात हाये. एका पायानं काय चालवशीन तू? कशीबशी चालून राहिली, अन् चालली हँडल धराले!"

मामीनं माह्याकडं पाह्यलं, अन् वॉकर टेकत टेकत घरात निघून गेली. तो वॉकरचा टक टक आवाज अजून माह्या कानात हाये.

घरी आलो. जयवंतानं, माह्या बायकोनं, ताट वाढलं. मी जेवता जेवता सारं ओकलो: मामीले किंमत नाही, बायका अशाच, भलं कराले जा अन् बोल खा. जयवंता भाकर थापत ऐकत होती. मंग म्हणे, "मामीचं माप घेतलं होतं का तुमी?"

"कायचं माप?"

"माह्या एवढ्याशा ब्लाउजचं माप घेतल्याबिगर शिंपी कपड्याले कैची लावत नाही. तुमी अख्खी गाडी कापली अन् जिची गाडी तिले इचारलं नाही. अन् वरून तिच्या पायावर बोलून आले."

बायको खरं बोलली का माणसाले भाकर कोरडी लागते.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो. मामी ओट्यावर तूर सोलून राहिली होती. मी तिच्या पायाशी बसलो. "मामी, चुकलो. जीभ घसरली."

"जीभ नाही घसरली. जे मनात होतं तेच आलं," मामी म्हणे. सोललेले दाणे माह्या हातावर ठेवले. "खाय. अन् सांग, गिअर हाताले येते का?"

"येते. आणतो मी."

मंग तिचं माप घेतलं. डावा पाय किती वाकते, किती फाकते. उजवा किती उचलते. अंगठ्यात जोर किती. अंगठा मले दाखवाले तिनं माह्या मनगटाले असा दाबला का मी ओरडलो. एक्सलेटर अंगठ्याचंच होतं, ते तसंच ठेवलं. गिअरचा पाय काढून त्याले लांब दांडी जोडली अन् वर डाव्या हाताशी आणली. मोठी अडचण होती चढायची. समोर पेट्रोलची टाकी, तिच्यावरून पाय टाकणं तिले जमत नव्हतं. टाकी काढून मांगं नेली. एका सलूनमध्ये फिरती खुर्ची मोडून पडली होती, तिचं फिरणारं बूड आणलं, त्याच्यावर जुन्या ट्रॅक्टरची स्प्रिंगची सीट बसवली. ओट्याले गाडी लावायची, मामीनं आडवं बसायचं, चांगला पाय पलीकडं टाकायचा, अन् सीट खट्टकन समोर. ओट्याची उंची मोजून सीट तेवढ्याच उंचीवर ठेवली. प्रत्येक गोष्ट आधी इचारली. ती म्हणे अर्धा बोट खाली, मी अर्धा बोट खाली. राग कुठी गेला कोणास ठाऊक, चार दिवस मी शिट्टी वाजवत काम केलं.

आडवी सीट कापाले घेतली त मामी म्हणे, "राहू दे तिले. तुह्या मामाले बसाले होईन."

मामा दोन दिवस रुसून बसले. तिसऱ्या दिवशी आपणच खळ्यात येऊन उभे राह्यले अन् तिले शिकवाले लागले. मामी अंगठा दाबे, गाडी चाले. थांबायची येळ आली का ब्रेक सोडून हँडलच दोन्ही हातांनी मांगं ओढे, बैलाचा कासरा ओढल्यासारखं, अन् वरून "हो, हो रे!" म्हणे. गाडी काय बैल हाये? दोनदा कडब्याच्या गंजीत घुसली. मामा डोक्याले हात लावून ओरडत, "ब्रेक! मनकर्णा, ब्रेक!" संक्रांतीच्या दिवशी ती ओट्यापासून निघून खळ्याले तीन चकरा मारून बरोबर ओट्याले येऊन लागली. मामानं तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. "पास," म्हणे. मी पाह्यलं, म्हातारा फुगून टम्म झाला होता.

पंधरा तारीख. झाकट पडली तवा थंडी अशी का बोटं वाकत नव्हती. मामी समोर, डोक्याले स्कार्फ. मामा मांगं आडवे बसलेले, पाय त्या लांब पायरीवर, बाजूले माही फुलाची जाळी. मी माह्या फटफटीवर मांगून. चावडीजवळ गावातले महादेवराव शेकोटी करून बसले होते. ते ओरडले, "वामनराव, पदर सांभाळा बरं!" सारे हसले. मामा म्हणे, "जळू नका. मले ड्रायव्हर भेटला." अन् दांडी घट्ट धरली.

पांदणीतले खड्डे मामी असे चुकवे का जसा तिनंच खोदलेला रस्ता हाये. बागेत पोचलो त गोपाल मोटरच्या पेटीजवळ उभा होता, झाकण उघडं. त्यानं आईले हँडल धरून येताना पाह्यलं अन् हात खाली केला.

चौदा महिन्यांनी बागेत आली होती ती. वरच्या अंगाले गेली, थांबली, सीटवरूनच पान हातात घेतलं. समोर गेली, थांबली. दहा झाडं, वीस झाडं. नाल्याकडं उतरली. तिथी एका पानाले बोटानं खालून वर उचललं, सोडलं, पुन्हा उचललं. मंग गोपालजवळ येऊन गाडी उभी केली.

"अजून नाही," म्हणे.

"आई, झाडं मरतीन व! वरच्या अंगाची पानं गळून राहिली."

"नाही मरत. नाल्याकडचं पान पाह्य जाऊन, रातभरात उभारलं हाये. अर्धी बाग फुलवायची का सारी?"

गोपालनं पेटीकडं पाह्यलं, झाडांकडं पाह्यलं, आईकडं पाह्यलं. मले वाटलं, आता बटण दाबते. आठ दिवसांपासून धड झोपला नव्हता तो, तोंडावर दिसे. मंग त्यानं पेटीचं झाकण लावलं. "तू सांगशीन तवा," म्हणे.

नऊ दिवस मामी रोज झाकटीत गेली. रोज म्हणे अजून नाही. गावात लोकं बोलाले लागले, म्हातारी बाग जाळते म्हणून. मीबी आतून घाबरलो होतो. गाडी माही, म्हणजे पाप माह्याबी माथी. चोवीस तारखेले नाल्याकडच्या झाडाजवळ ती लय वेळ थांबली. मंग म्हणे, "सोड." गोपाल धावत गेला. पाईपातून पाणी आलं तवा तो तिथीच ओल्यात बसून राह्यला.

फेब्रुवारीत, तीन आठवड्यांनी, मामाचा फोन आला. "ये," एवढंच म्हणे. मी गेलो. पांदणीतच वास आला. बागेत पाय ठेवला त पांढरं, वरच्या अंगापासून नाल्यापर्यंत सारं पांढरं, फांद्या दिसत नव्हत्या. मधमाश्यांचा गुंजारव असा का बोलायचं त जोरानं बोला लागे.

मामी ओळीच्या मधात होती, हँडल धरून. मामा मांगं आपल्या आडव्या सीटवर. गोपाल अन् मी पायी. एका झाडाखाली मामीनं इंजिन बंद केलं अन् रडाले लागली. हाड मोडलं तवा रडली नव्हती ती, दोन ऑपरेशनात रडली नव्हती.

गोपाल घाबरला. "आई, पाय दुखते का?"

"नाही रे." तिनं पदरानं डोळे पुसले. "मांगच्या वर्षी दवाखान्यात पडल्या पडल्या मी दिवस मोजत होती. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. वाटे, आज गोपाल येईन, आज इचारन. मी म्हणणार होती, दहा दिवस थांब, घाबरू नको. तू रोज आला, डबा घेऊन आला, माहे पाय दाबले. पण इचारलं नाही."

"तुले तरास नको म्हणून, आई."

"तोच त तरास झाला."

गोपालची मान खाली गेली. मीबी माह्या चपलांकडं पाहत उभा राह्यलो; अख्खी गाडी कापून बसलेला मी, मले काय तोंड होतं? मंग मामा मांगून उतरले, गुडघे चोळले, अन् पोराले म्हणाले, "बस इथी. पान कसं पाह्यचं ते शिकून घे."

गोपाल आडव्या सीटवर बसला, पाय पायरीवर ठेवून. मामीनं वळून पाह्यलं, नीट बसला का नाही. मामानं कंडक्टरसारख्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, अन् मामीनं गिअर टाकला.